ओव्हर देताना स्वतःचाही ओव्हर द्या

बायकांच्या वॉर्डात पहिली थोबाडीत खाल्ली तेव्हा माझ्या नोकरीला ११ दिवस झाले होते. सकाळचं दूध वाटत होते. मारणारी बाई थोड्या वेळानं माझ्याच हातून गोळ्या घेऊन झोपली आणि मी बाथरूममध्ये जाऊन रडले. इनचार्ज सिस्टर म्हणाल्या, "होईल गं सवय." सवय काही झाली नाही. घरी मुलावर वस्सकन ओरडायला लागले, तेवढं मात्र झालं.

ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी ही आपली जुनी चार मनोरुग्णालयं. त्यांतल्या एकात २२ वर्षं काढून आता मीच इनचार्ज आहे. नव्या मुलींना पहिल्या आठवड्यात जे सांगते, तेच इथं लिहिते.

आधी साध्या गोष्टी. केस घट्ट अंबाड्यात. मंगळसूत्र आत पिन करा, नाहीतर लॉकरमध्ये ठेवा. सासूबाईंना काय सांगायचं ते मी सांगेन. चिडलेल्या पेशंटसमोर छाती पुढे काढून उभं राहू नका, थोडं तिरकं राहा. हात दिसू देत, दोन हात अंतर ठेवा आणि दार तुमच्या बाजूला असू द्या. बोलायचं एकानंच, हळू आवाजात. चार जणींनी मिळून "शांत बस, शांत बस" केलं की कोण शांत बसेल?

आता मुद्द्याचं. आपण निम्म्या थकतो त्या पेशंटमुळे नाही, पेशंटचा अर्थ चुकीचा लावल्यामुळे. एक बाई रात्रभर फेऱ्या मारायची. बसवलं की उठायची, उभी राहिली तरी पाय चाळवायची. "मुद्दाम छळते," असं मी तीन रात्री म्हणत राहिले. चौथ्या दिवशी राउंडला डॉक्टरांनी विचारलं, हॅलोपेरिडॉल कधी वाढवलं? त्या औषधानं काहींना आतून अशी तगमग होते की माणसाला स्थिर बसवतच नाही. डोस बदलला, बाई झोपली. माझा तीन रात्रींचा राग फुकट गेला. तेव्हापासून नियम केला: "मुद्दाम करते" असं तोंडात आलं की आधी औषधांचा तक्ता उघडायचा, मग डॉक्टरांना कळवायचं. "तू जेवणात विष घालतेस" म्हणणारीचंही तसंच. तिला होणाऱ्या भासांनी तिला तुमचं नाव सांगितलंय. तुमची आणि तिची ओळखही नाही. वाद घालू नका. हवं तर तिच्यासमोर पातेल्यातून दोघींना वाढा.

बांधून ठेवण्याबद्दल. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं एकटं कोंडून ठेवायला बंदी केली. बांधायचं तर तात्काळ धोका टाळायला दुसरा मार्गच नसेल तेव्हा, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीनं, गरज असेल तेवढाच वेळ. कसं बांधलं, का, किती वेळ, हे लगेच केसपेपरवर यायला हवं. बऱ्याच जणी याला कागदी कटकट म्हणतात. मला तो आधार वाटतो. पूर्वी बांधलेल्या मनगटांचे वळ आम्ही एकट्या घरी घेऊन जायचो. आता निर्णयावर आणखी एकाची सही असते.

आणि ओव्हर, म्हणजे ड्युटी बदलताना पुढच्या पाळीला पेशंटची माहिती देणं. पेशंटचा ओव्हर झाला की माझ्या वॉर्डात तीन मिनिटं स्वतःचा ओव्हर असतो. आज काय मनाला लागलं, ते प्रत्येकीनं एका वाक्यात सांगायचं. ऐकणारीनं सल्ला द्यायचा नाही, "त्यात काय एवढं" म्हणायचं नाही. "काही नाही" हेही उत्तर चालतं. पहिला आठवडा सगळ्या हसल्या. ब्रदर लोक, म्हणजे पुरुष नर्स, तर अजून अर्धं चेष्टेतच सांगतात. सांगू देत.

मारामारीपेक्षा मला जड गेलं ते बऱ्या झालेल्या बायकांचं. घरचे न्यायला येत नाहीत, दिवाळीला त्या गेटकडे बघत बसतात. सुरुवातीला मी स्वतःच्या पैशानं नातेवाइकांना फोन करायचे, शिव्या खायचे आणि रात्री जागायचे. आता समाजसेवा अधीक्षकांबरोबर महिन्यातून एकदा फोन, त्याची फाइलमध्ये नोंद, बस. त्यापलीकडे माझ्या हातात नाही, हे पटायला आठ वर्षं लागली.

पेशंटनं जीव दिला तर दुसऱ्या तासाला चौकशी सुरू होते. ड्युटीवरच्या सिस्टरनं काही खाल्लंय का, हे मात्र कुणी विचारत नाही. ते इनचार्जनं विचारायचं. जे घडलं ते त्याच दिवशी वेळेसकट लिहून काढायला लावा. तिला एकटीनं घरी जाऊ देऊ नका. पंधरा दिवसांनी पुन्हा विचारा, कारण तोवर बाकीचे विसरलेले असतात. झोप उडाली, ड्युटीच्या नावानं पोटात गोळा यायला लागला, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे, चोवीस तास, मराठीतही. आपणच पेशंटला हा नंबर देतो आणि स्वतः लावायला लाजतो.

एक मात्र वरिष्ठांना स्पष्ट सांगा: ६० पेशंटमागे एक सिस्टर असेल तर यातलं काहीही पुरणार नाही. रिकाम्या जागांची मागणी लेखी द्या, पोच घ्या.

परवा नाईटची मुलगी ओव्हर देत होती. "बेड १४ चा ताप उतरला, बेड ६ झोपली नाही, आणि सिस्टर, मला आज स्टॉपपर्यंत कुणीतरी सोबत हवंय." मी चार्ज दुसरीकडे दिला आणि पर्स उचलली.