मिक्सरचा कन्व्हर्जन लॉस नीट कसा मोजायचा (आणि माझा २.९ डीबीचा पराक्रम)

मिक्सर म्हणजे दोन फ्रिक्वेन्सी मिसळून त्यांची बेरीज आणि फरक देणारा भाग, आणि कन्व्हर्जन लॉस म्हणजे त्यात सिग्नलची ताकद किती घटते ते. पहिल्यांदा एसबीएल-१ हा तयार मिळणारा मिक्सर मोजला तेव्हा लॉस आला २.९ डीबी (डेसिबल, जितका कमी तितका चांगला). मी खूश, कारण डेटाशीटमध्ये साडेपाच-सहाच्या आसपास लिहिलंय आणि आपला पीस त्याच्यापेक्षा वरचढ निघाला! दोन दिवस मिरवून झाल्यावर डोक्यात प्रकाश पडला की असं होऊच शकत नाही. डायोडचा डबल बॅलन्स्ड मिक्सर म्हणजे एलओच्या (लोकल ऑसिलेटर, म्हणजे मिक्सरला चालवणारा सिग्नल) तालावर उलटसुलट होणारा स्विच, त्यातून आरएफचं (आत येणाऱ्या सिग्नलचं) व्होल्टेज प्रत्येक साइडबँडला (बेरजेच्या किंवा फरकाच्या सिग्नलला) जास्तीत जास्त २/π एवढंच मिळतं, म्हणजे सगळे पोर्ट ५० ओहमला नीट बसलेले असताना आदर्श मिक्सरचा लॉससुद्धा ३.९ डीबी. मग माझे २.९ कुठून आले? तर मी आयएफला (मिसळलेला सिग्नल बाहेर पडतो त्या पोर्टला) सरळ पॉवर मीटर लावला होता, आणि पॉवर मीटर आंधळा असतो, त्याला फ्रिक्वेन्सी कळत नाही. फरकाचा सिग्नल आणि बेरजेचा सिग्नल दोन्ही साधारण सारख्याच ताकदीचे, त्याने दोन्ही मोजले आणि ३ डीबी फुकटात वाढवून दिले. खरा लॉस ५.९ च्या आसपास होता.

आता एकच उदाहरण धरून चालू. आरएफ १४५ मेगाहर्ट्झ (आपला हॅम रेडिओचा दोन मीटर बँड), एलओ १३४.३, आयएफ १०.७. बेरीज येते २७९.३ वर. लागणार काय तर दोन सिग्नल जनरेटर, स्पेक्ट्रम ॲनालायझर, जमलं तर पॉवर मीटर, एक लो-पास फिल्टर आणि पॅड, म्हणजे फिक्स ॲटेन्युएटर. पॅडवर कंजूषी करू नका, अर्धी अचूकता तिथेच आहे.

का ते सांगतो. मिक्सरचे पोर्ट ५० ओहम असतात हे कागदावर, प्रत्यक्षात दोनला एक एसडब्ल्यूआर (जुळणी किती बिघडलीय त्याचं माप) असला तरी नवल नाही. समोरचं जनरेटर किंवा ॲनालायझरही तसंच असेल तर त्या दोघांच्या रिफ्लेक्शनच्या भांडणात तुमचं रीडिंग एका बाजूला ०.९ आणि दुसऱ्या बाजूला १ डीबी हलू शकतं, आणि कुठल्या बाजूला ते केबलच्या लांबीवर. मध्ये ६ डीबीचा चांगला पॅड टाकला की हीच अनिश्चितता पाव डीबीवर येते. म्हणून आरएफला ६ डीबी, एलओला निदान ३ डीबी आणि आयएफला ६ डीबी, तिन्ही मिक्सरला अगदी चिकटून, मध्ये केबल नको.

आयएफचा क्रम लक्षात ठेवा: मिक्सर, मग पॅड, मग फिल्टर. उलटं केलंत तर फिल्टर २७९.३ ची एनर्जी जशीच्या तशी मिक्सरमध्ये परत ढकलतो, ती डायोडमध्ये पुन्हा मिक्स होते आणि लॉस फिल्टरप्रमाणे बदलायला लागतो, मग तुम्ही मिक्सर मोजताय की फिल्टर हेच कळत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी.

सगळी इन्स्ट्रुमेंट अर्धा तास आधी चालू करून ठेवा, आणि दोन्ही जनरेटर आणि ॲनालायझर एकाच १० मेगाहर्ट्झ रेफरन्सवर बांधा, नाहीतर अरुंद आरबीडब्ल्यूमध्ये (ॲनालायझर एका वेळी जेवढी पट्टी बघतो तिची रुंदी) टोन सरकत राहतो आणि रीडिंग कमी दिसतं.

मग एलओ. एसबीएल-१ ला +७ डीबीएम (१ मिलीवॉटच्या तुलनेत मोजलेले डीबी) हवेत, आणि ते मिक्सरच्या तोंडाशी, म्हणजे ३ डीबीच्या पॅडनंतर मोजून. जनरेटरच्या डिस्प्लेवर विश्वास ठेवायचा नाही, तो साधारण +१० च्या पुढे ठेवावा लागेल. मग आरएफ पॅडच्या टोकाला, जिथे मिक्सर लागणार तिथेच, मीटर लावून लेव्हल बघा. समजा आली −१०.१ डीबीएम. याहून फार वर जाऊ नका, अशा मिक्सरचं कॉम्प्रेशन (इनपुट वाढवलं तरी आउटपुट तेवढं न वाढणं) +१ डीबीएमच्या आसपास येतं आणि त्याच्या बरंच खाली राहिलेलं बरं.

मिक्सर जोडा, ॲनालायझरवर १०.७ चा टोन बघा. समजा दिसला −२२.४. इथे बरेच लोक पॅड आणि फिल्टरचा लॉस हाताने वजा करून मोकळे होतात, पण ॲनालायझरच्या ॲब्सोल्यूट आकड्यातच अर्धा-एक डीबीची चूक सहज असते. त्यापेक्षा मिक्सर काढा आणि आयएफ पॅडच्या तोंडाला १०.७ वर लावलेलं जनरेटर जोडा, ॲनालायझरची एकही सेटिंग न हलवता लेव्हल अशी करा की पुन्हा बरोब्बर −२२.४ दिसेल. आता जनरेटरची तीच केबल काढून पॉवर मीटरवर मोजा, समजा −१५.९ आली. लॉस = −१०.१ वजा (−१५.९) = ५.८ डीबी. ॲनालायझरची चूक, पॅड, फिल्टर, केबल, सगळं दोन्ही वेळा सारखंच होतं म्हणून आपोआप कटलं, ॲनालायझर फक्त तराजूच्या काट्यासारखा वापरला. पॉवर मीटर नसेल तर दोन्ही लेव्हल त्याच ॲनालायझरवर मोजा, मग फक्त १४५ आणि १०.७ मधला त्याचा फरक चुकीत राहतो. जोड-काढ करताना कनेक्टर प्रत्येक वेळी सारखेच घट्ट करा.

आकडा आला तरी लगेच वहीत लिहू नका. आरएफ बंद करा, १०.७ चा टोन गेला पाहिजे, मग आरएफ चालू करून एलओ बंद करून बघा, तेव्हाही गेला पाहिजे. आरएफ १० डीबी कमी करा, आयएफही १० च कमी व्हायला हवा, ९.५ झाला तर कॉम्प्रेशन आहे किंवा टोन नॉइजमध्ये बुडतोय. ॲनालायझरचं इनपुट ॲटेन्युएशन १० डीबीने वाढवून बघा, आकडा हलला तर ॲनालायझरच ओव्हरलोड होतोय. एलओ २ डीबी वर-खाली करा, लॉस एक-दोन दशांश हलला तर चालेल, पण खाली नेताना धडाधड वाढला तर मिक्सर आधीपासून उपाशी होता. मला हीच टेस्ट सगळ्यात जास्त वेळा कामाला आलीय.

गिगाहर्ट्झमध्ये गेलात की पद्धत तीच, पण ॲडॅप्टरचा पाव डीबीही बोचतो आणि एसएमए कनेक्टरला टॉर्क रेंच लागतो. तिथे फ्रिक्वेन्सी ऑफसेट मोडचा (एका फ्रिक्वेन्सीवर सिग्नल देऊन दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर मोजणारा) व्हीएनए, म्हणजे व्हेक्टर नेटवर्क ॲनालायझर, तोही पॉवर मीटरने कॅलिब्रेट केलेला, मिळाला तर घ्या. छोटा नॅनोव्हीएनए दोन वेगळ्या फ्रिक्वेन्सीत मोजत नाही, पण पॅड आणि फिल्टर तपासायला मस्त.

आकडा लिहिताना सोबत एलओची लेव्हल, तिन्ही फ्रिक्वेन्सी आणि आयएफचा पॅडही लिहा. माझ्या डबीवर "५.८" एवढंच लिहिलेली एक चिठ्ठी आहे, कुठल्या एलओवर मोजलेलं ते आता मलाच आठवत नाही, परत सगळं मांडून बसावं लागणार.