नवी राइड खरंच रखडली आहे का, हे बाहेरून कसं ओळखायचं

थीम पार्कात नव्या राइडचं काम सुरू झालं की फॅनमंडळींत दोन तट पडतात. एकाच्या मते काम रखडलंय, दुसऱ्याच्या मते सगळं वेळेवर आहे. पुरावा मात्र दोघांकडे बहुधा एकच असतो: कुंपणाबाहेरून काढलेला एखादा फोटो. फोटोत दिसतं ते लोखंड, आणि लोखंड उभं करणं हा या कामातला तुलनेनं लवकर उरकणारा टप्पा आहे. त्याच्या आधीचं आणि नंतरचं काम जास्त वेळ खातं आणि ते बाहेरून फारसं दिसत नाही. वादात उतरायचं असेल तर या न दिसणाऱ्या कामाच्या खुणा ओळखता यायला हव्यात. इथे मुख्यतः मोकळ्या जागेतल्या रोलर कोस्टरचा विचार केला आहे.

मोजायला सुरुवात कुठून करायची

घोषणेच्या तारखेपासून मोजू नका. घोषणा कधी करायची हे मार्केटिंगवाले ठरवतात, बांधकामवाले नाही. फ्लोरिडातल्या डिस्नेच्या मॅजिक किंगडम पार्कात ‘ट्रॉन लाइटसायकल रन’ या कोस्टरची घोषणा जुलै 2017 मध्ये झाली आणि राइड 4 एप्रिल 2023 ला उघडली, म्हणजे जवळजवळ पावणेसहा वर्षांनी. तिथून थोड्याच अंतरावरच्या युनिव्हर्सलच्या आयलंड्स ऑफ ॲडव्हेंचर पार्कने ‘व्हेलॉसिकोस्टर’ची अधिकृत घोषणा सप्टेंबर 2020 मध्ये केली आणि 10 जून 2021 ला तो सुरूही झाला. नऊ महिनेसुद्धा लागले नाहीत असं वाटतं, पण घोषणेच्या वेळी त्याचा ट्रॅक पार्कात येणाऱ्या प्रत्येकाला दिसत होता. या दोन आकड्यांची तुलना करून काहीच सिद्ध होत नाही.

त्याऐवजी तीन तारखा टिपून ठेवा: जागा मोकळी करायला सुरुवात झाली ती, पहिलं काँक्रीट ओतलं ती, आणि पहिला खांब उभा राहिला ती. सरकारी कागदपत्रांचीही मदत होते. ब्रिटनमध्ये स्थानिक कौन्सिलकडचा बांधकाम परवानगीचा अर्ज कोणालाही वाचता येतो. त्यात नकाशे, उंची आणि आवाजाचा अहवाल असतो. इंग्लंडमध्ये परवानगी मिळाल्यावर काम सुरू करायला साधारणपणे तीन वर्षांची मुदत असते. ही मुदत काम सुरू करण्याची आहे, राइड उघडण्याची नव्हे. याच गफलतीवरून कितीतरी वाद पेटतात. अमेरिकेत 200 फुटांहून, म्हणजे सुमारे 61 मीटरहून उंच काही उभारायचं तर विमान वाहतूक प्रशासनाला आधी कळवावं लागतं. हा नियम क्रेनलाही लागू आहे, त्यामुळे उंच कोस्टरची चाहूल कधी कधी तिथेच आधी लागते.

काम अधिकृतपणे थांबवलं गेलं असेल तर तो काळ वजा करा. युनिव्हर्सलच्या एपिक युनिव्हर्स या नव्या पार्कची घोषणा ऑगस्ट 2019 मध्ये झाली, 2020 मध्ये महासाथीमुळे काम थांबलं, मार्च 2021 मध्ये पुन्हा सुरू झालं आणि पार्क 22 मे 2025 ला उघडलं. मधला खंड मोजणीत धरून कोणाला संथ ठरवणं अन्यायाचं आहे.

जमिनीखालचे महिने

“सहा महिने झाले, नुसती माती उकरतायत” ही तक्रार हमखास येते. त्या मातीत काय चाललेलं असतं ते पाहा. जमिनीची चाचणी होते, जुन्या पाण्याच्या, विजेच्या आणि सांडपाण्याच्या लाइन हलवल्या जातात. जमीन भुसभुशीत असेल तर आधी पाइल, म्हणजे खोलवर जाणारे आधाराचे खांब, उतरवावे लागतात. मग प्रत्येक खांबासाठी खड्डा, सळ्यांचा पिंजरा, शटरिंग आणि काँक्रीट. मोठ्या कोस्टरला असे शंभराहून जास्त पाये लागू शकतात.

काँक्रीटची ठरलेली ताकद 28 दिवसांनी मोजतात. सातव्या दिवशी ती साधारण दोनतृतीयांश आलेली असते. सगळं काम 28 दिवस खोळंबून राहत नाही, कारण एका कोपऱ्यातला पाया पक्का होत असताना दुसरीकडे ओतकाम चालू असतं. पण काँक्रीट ओतल्यावर आठवडाभर तिथे कोणीच फिरकलं नाही, एवढ्यावरून काम बंद पडलं असं म्हणता येत नाही.

वेळ जातो तो अँकर बोल्टमध्ये. खांब ज्या बोल्टवर बसणार ते काँक्रीट ओतण्याआधी लोखंडी साच्यात अचूक जागी धरावे लागतात. ओतताना साचा काही मिलिमीटर सरकला तरी खांबाची बैठक बोल्टवर बसत नाही. मग भोक वाढवायचं, जुना बोल्ट कापून नवा ड्रिल करून बसवायचा की पायाच फोडायचा, हे डिझायनरला विचारून ठरवावं लागतं. फोटोत एखादा तयार पाया पुन्हा फोडलेला दिसला, तर उशिराचा तो खरा पुरावा आहे. जपून ठेवा.

लोखंड उभं राहताना

ट्रॅकचे तुकडे ट्रकमधून आणायचे असल्यामुळे साधारण 10 ते 12 मीटरचे असतात. प्रत्येकावर क्रमांक असतो. मोकळ्या आवारात पडलेल्या तुकड्यांचे क्रमांक फोटोत वाचता आले तर किती माल आला आणि कुठला भाग यायचा आहे, याची यादी करता येते. तुकडे महिनोन्‌महिने पडून आहेत म्हणून गहजब नको. कारखान्याचं वेळापत्रक आणि जागेवरचं वेळापत्रक वेगळं असतं, आणि माल हाताशी असणं केव्हाही चांगलं.

क्रेन उभी आहे पण हलत नाही, असं दिसलं तर आधी वाऱ्याचा वेग बघा. सुमारे 10 मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी 36 किलोमीटरच्या आसपास वारा गेला की बऱ्याच क्रेनवरचं उचलकाम थांबवावं लागतं. जमिनीवर झुळूक वाटते तेव्हा 60 मीटरवर वारा त्याहून बराच जोरात असतो.

झूम लेन्स असेल तर खांबाचं बूड बघा. खांबाची लोखंडी प्लेट थेट काँक्रीटवर टेकत नाही. ती नटांवर थोडी उचललेली असते आणि खाली काही सेंटिमीटरची फट राहते. नट वरखाली करून खांब ओळंब्यात आणतात, ट्रॅक जुळला की ती फट न आकसणाऱ्या ग्राउटनं, म्हणजे घट्ट होणाऱ्या पातळ भरावानं, भरून टाकतात. फट अजून मोकळी दिसते आहे, म्हणजे त्या भागाची जुळवाजुळव संपलेली नाही, मग वर ट्रॅक कितीही पूर्ण दिसो. प्रगती मोजायला ही खूण शिखरावरच्या तुकड्यापेक्षा जास्त भरवशाची आहे.

शेवटचा तुकडा बसवायला कधी कधी दिवस जातात. तापमान 20 अंशांनी वाढलं की 100 मीटर पोलाद साधारण 24 मिलिमीटरनं लांबतं. त्यामुळे मोजमाप कोणत्या वेळी घेतलं आणि तुकडा कोणत्या वेळी बसवायचा, यालाही महत्त्व येतं.

ट्रॅक पूर्ण झाला, मग उघडत का नाही?

सगळ्यात जास्त भांडणं इथेच होतात. वर्तुळ पूर्ण झालं की लोकांना वाटतं, आता फक्त ट्रेन ठेवायची. प्रत्यक्षात त्यानंतर केबल, सेन्सर, ब्रेक, ट्रेनला जोरात पुढे ढकलणाऱ्या लाँचच्या मोटरी, सुटकेचे जिने, कंट्रोल पॅनेल एवढं सगळं बाकी असतं. ट्रान्सफॉर्मर किंवा वीज चालू-बंद करणारं स्विचगिअर वेळेत आलं नाही तर पूर्ण उभा कोस्टर नुसता ताटकळतो. हे बाहेरून कळायचं असेल तर स्टेशनशेजारच्या इलेक्ट्रिकल खोलीकडे लक्ष ठेवा. छत, दारं, केबलचे ट्रे आणि हवा थंड ठेवणारी युनिट्स लागली की नाही, ते पाहा.

मग चाचण्यांचा क्रम. आधी ट्रेनवर किंवा बोगीवर माणसाच्या हातापायांच्या पल्ल्याएवढी चौकट बसवून ती विंचनं, म्हणजे दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्रानं, सावकाश ओढत पूर्ण फेरी मारतात. कुठे काही घासत असेल तर तिथे सापडतं. नंतर रिकामी ट्रेन, मग पाण्यानं भरलेले पुतळे बसवून भरलेली ट्रेन. लाँच कोस्टरमध्ये वेग टप्प्याटप्प्यानं वाढवतात. त्यामुळे ट्रेन शिखर न गाठता मागे आली तर तो अपघात धरू नका, अशा चाचण्या मुद्दाम केल्या जातात. ट्रेन मधल्या दरीत अडकून राहिली तर मात्र प्रकरण वेगळं. थंडीत चाकं आणि ग्रीस जड होऊन फिरतात, उलटा वारा असतो, आणि नव्या चाकांचा विरोधही जास्त असतो. अडकलेली ट्रेन विंच लावून किंवा क्रेननं डबे उतरवून काढावी लागते, त्यात काही दिवस सहज जातात.

सर्वांत वेळखाऊ भाग ब्लॉकचा. ट्रॅकचे भाग पाडलेले असतात आणि एका भागात एका वेळी एकच ट्रेन असू शकते. म्हणून तीन ट्रेन चालवायच्या तर किमान चार ब्लॉक लागतात. प्रत्येक ब्लॉकमध्ये ट्रेन थांबवून, सेन्सर मुद्दाम बंद पाडून, वीज घालवून यंत्रणा सुरक्षित अवस्थेत जाते का ते तपासतात. बाहेरून एवढंच दिसतं की ट्रेन दिवसभर ब्रेकवर उभी आहे. ते काम थांबल्याचं लक्षण समजू नका.

यानंतर तपासणी यंत्रणेची मंजुरी, ऑपरेटरचं प्रशिक्षण आणि उंचावरून लोकांना उतरवण्याचा सराव. आणि हे सगळं झालं तरी उघडण्याचा निर्णय पार्कच्या हिशेबावर असतो. फ्लोरिडातल्या बुश गार्डन्स टॅम्पा बे पार्कातला ‘आयर्न ग्वाझी’ कोस्टर 2020 साठी ठरला होता, पण लोकांसाठी उघडला तो 11 मार्च 2022 ला. अशा वेळी “बांधकाम संथ” म्हणणं चूक आहे. निर्णय लांबला म्हणा.

वादात तुलना कशी करायची

“तीच राइड दुसरीकडे पटकन झाली” हा मुद्दा मांडण्याआधी जागा बघा. ट्रॉनचा पहिला अवतार शांघायमध्ये 16 जून 2016 ला पार्कासोबतच उघडला. तिथे नव्या जागेवर सगळं एकत्र बांधलं जात होतं. फ्लोरिडात तेच चालू पार्काला खेटून करायचं होतं आणि मधून पार्काची आगगाडी जात होती. तिचा मार्ग डिसेंबर 2018 पासून बंद ठेवावा लागला आणि गाडी डिसेंबर 2022 मध्ये पुन्हा धावली. तरीही ट्रॉन संथ झाला असं म्हणता येईल, पण आधी महासाथीचा खंड आणि जागेची अडचण बाजूला काढून. तुलना करायची तर उत्पादक तोच, उंची साधारण तेवढीच आणि हवामान जवळपास सारखं असलेला कोस्टर घ्या.

फोटो दर वेळी एकाच जागेवरून, त्याच झूमनं काढा आणि तारीख टाका. कुंपण ओलांडू नका. ड्रोन उडवण्यापूर्वी तिथला कायदा आणि पार्कचा नियम दोन्ही वाचा.

काम खरंच थांबलं असेल तर खुणा एकदम अनेक दिसतात: भाड्याची क्रेन परत गेलेली, कामगारांचे कंटेनर हटलेले, पायांच्या खड्ड्यांत पाणी साठून गवत उगवलेलं, आणि सलग पाच-सहा आठवड्यांच्या फोटोंत एकही फरक नाही. यातली एकच खूण पुरेशी नाही. सळ्यांवरचा वरवरचा तांबूस गंज तर अगदीच सामान्य गोष्ट आहे.

अंदाज मांडताना एक तारीख ठोकून देऊ नका. “ग्राउट पूर्ण, ट्रेन ट्रॅकवर, भरलेल्या फेऱ्या सुरू” असा टप्पा लिहा आणि त्यापुढे किती आठवडे लागतील याची कमाल-किमान मर्यादा द्या, म्हणजे नंतर ती तपासता येते. पार्क घाईनं उघडत असेल तर त्यावरही बोलायला हवं. अमेरिकेतल्या सीडर पॉइंट पार्कचा ‘टॉप थ्रिल 2’ कोस्टर 4 मे 2024 ला उघडला, साधारण आठवडाभरातच बंद झाला आणि गाड्यांमधल्या बदलांसाठी त्या वर्षीचा उरलेला हंगाम बंदच राहिला. भरलेल्या ट्रेनच्या फेऱ्या पाहिल्याशिवाय उद्घाटनाच्या दिवसाचं विमान तिकीट काढू नका, आणि काढलंच तर बदलता येणारं काढा.