चक्रीवादळाचा नकाशा वाचताना या चुका टाळा

अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं की कोकणातल्या मोबाईलवर तोच नकाशा फिरायला लागतो. मध्ये एक रेघ, तिच्या दोन्ही बाजूंना पसरत गेलेला शंकू. पाठोपाठ तेच चुकीचे निष्कर्षही येतात. दर मे-जूनमध्ये आणि दर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हे बघून मन विटलं आहे, म्हणून लिहितो.

रेघ आपल्या गावावरून जात नाही म्हणजे आपण सुटलो

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. रेघ फक्त वादळाच्या केंद्राची असते आणि शंकू दाखवतो ते केंद्र कुठे कुठे जाऊ शकतं ते. वादळ केवढं आहे, हे त्यात नसतं.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. आदल्या संध्याकाळी मुंबईच्या एका चुलतभावाने केळशीच्या काकांना नकाशा पाठवला, "रेघ अलिबागवर आहे, तुम्ही ऐंशी किलोमीटर खाली, निर्धास्त राहा." काका राहिले. पडवीचे पत्रे बांधले नाहीत, गुरं गोठ्यातच ठेवली. सकाळी मी फोन केला. म्हटलं, "काका, नकाशा राहू दे, वारा कुठून आहे ते सांगा." "पूर्वेकडनं. मतलई असल्यासारखा," म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा.

तिथेच धडकी भरली. वारा पूर्वेचा, म्हणजे केंद्र अजून दक्षिणेकडे होतं, वादळ यायचं बाकी होतं. आपल्या गोलार्धात वादळ घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतं. निसर्ग ईशान्येकडे सरकत होतं, म्हणजे श्रीवर्धन, केळशी, आंजर्ले, हर्णै हा सगळा पट्टा त्याच्या उजव्या हाताला. उजव्या बाजूला वादळाचा पुढे सरकण्याचा वेग वाऱ्याच्या वेगात मिळवला जातो, डाव्या बाजूला तो वजा होतो. शिवाय उजवीकडे वारा समुद्रावरून थेट अंगावर येतो, तर डावीकडे जमिनीवरून समुद्राकडे जातो. मुंबई डावीकडे होती. दुपारी काकांकडचा वारा दक्षिणेवरून फिरून नैर्ऋत्येचा झाला आणि पत्रे उडाले. पोफळी रांगेने मोडल्या, माड मुळासकट आडवे झाले. गोठ्याची भिंत पडली, गुरं थोडक्यात वाचली. वीज यायला कित्येक आठवडे लागले.

तेव्हापासून माझी सवय ठरलेली आहे. हवामान विभागाच्या प्रत्येक बुलेटिनमधले अक्षांश-रेखांश कागदाच्या नकाशावर पेन्सिलीने मांडतो, शेजारी वेळ लिहितो. तीन-चार ठिपके झाले की आपण वादळाच्या कोणत्या हाताला आहोत ते कळतं. कागद नसेल तर वाऱ्याकडे पाठ करून उभं राहायचं, केंद्र साधारण डाव्या हाताला असतं. ठिपके मांडायला पाच मिनिटं लागतात. एवढा धीर नसलेल्यांनी निदान दुसऱ्याला "निर्धास्त राहा" सांगू नये.

किनाऱ्याला लागणार नाही, मग कसली भीती?

17 मे 2021 ला तौक्ते हे वादळ मुंबईपासून शंभरहून जास्त किलोमीटर दूर समुद्रातून गेलं आणि रात्री गुजरातेत उना-दीवच्या बाजूला जमिनीवर आलं. तरी कुलाब्याला ताशी 114 किलोमीटरचा झोत नोंदला गेला, आणि मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राजवळ पी-305 हा बार्ज (कामगारांना राहण्याचा तराफा) बुडून मोठी जीवितहानी झाली. 2019 चं क्यार तर महाचक्रीवादळ होतं. ते भारताच्या किनाऱ्याला लागलंच नाही, पण सिंधुदुर्ग-रत्नागिरीत समुद्र आत शिरला आणि कापणीला आलेलं भात भिजून गेलं. बंदरावर धोक्याचा बावटा लागला की होडी वर ओढायची. वादळ किनाऱ्याला लागणार की नाही, याची वाट बघायची नाही.

साठच्या वाऱ्यात घर टिकलं, एकशे वीसमध्येही टिकेल

वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की छपरावरचा भार चौपट होतो.

भरतीची वेळ न बघणं

वादळाने फुगलेलं पाणी भरतीवर चढतं, म्हणून वादळ किनारा ओलांडतं ती वेळ आणि भरतीची वेळ शेजारी शेजारी लिहा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीचा तास येतो, हा जुना हिशेब ढोबळ असला तरी कामाचा आहे. निसर्ग आलं ती शुद्ध द्वादशी, बाराची पाऊणपट नऊ, म्हणजे भरती नऊच्या थोडी पुढे. वादळाने किनारा ओलांडला साडेबारा ते अडीचच्या दरम्यान, तोवर ओहोटी लागलेली होती. हेच चार तास आधी झालं असतं तर आणखी किती घरांत पाणी गेलं असतं, याचा विचारही करवत नाही.

काही चुका एकेका ओळीच्या. उपग्रहाच्या चित्रावरची वेळ बहुधा ग्रीनविचची असते, तिच्यात साडेपाच तास मिळवा. अमेरिकी संस्थांचा वाऱ्याचा आकडा एका मिनिटाच्या सरासरीचा असतो, आपल्या हवामान विभागाचा तीन मिनिटांचा, त्यामुळे दोन्हींची तुलना करून "सरकार लपवतंय" असं पसरवू नका. प्रत्येक कमी दाबाच्या क्षेत्राचं वादळ होत नाही. समुद्र साडेसव्वीस अंशांच्या वर तापलेला असला तरी वरच्या थरातला वारा वेगळ्या दिशेने जोरात वाहत असेल तर वादळाची उभारणी मोडते, म्हणूनच जुलै-ऑगस्टमध्ये अरबी समुद्रात चक्रीवादळं क्वचित होतात. दहा दिवसांनंतरचं रंगीत ॲनिमेशन बघून तारीख जाहीर करणाऱ्यांना मात्र मी गटातून काढून टाकतो.

आणि वारा एकदम पडला, आभाळ उजळल्यासारखं वाटलं, तर पत्रे गोळा करायला बाहेर जाऊ नका. वादळाचा डोळा डोक्यावर असू शकतो. तो सरकला की वारा उलट्या दिशेने परत येतो, आणि एका बाजूने खिळखिळी झालेली झाडं तेव्हा पडतात. वारा हळूहळू, तासन्‌तास उतरत गेला आणि बुलेटिनमध्ये केंद्र आपल्याला ओलांडून पुढे गेलेलं दिसलं, की मगच कडी काढा.