वडाप, ऊसट्रॉली आणि विमान: सगळ्यांसाठी एकच उपग्रह-दिशादर्शन यंत्रणा कशी आखायची

उपग्रह किती लागतील हे नंतर. आधी कुणाला किती चूक चालते ते लिहून काढा. बेळगावच्या वडापवाल्याचं (शेअर जीपवाल्याचं) दहा-पंधरा मीटरनं काही बिघडत नाही. निपाणी-संकेश्वरकडे राष्ट्रीय महामार्ग ४८ वर मात्र तेवढ्याच चुकीनं ट्रक सर्व्हिस रोडवर दिसायला लागतो. तिथं गाडीची दिशा आणि रस्त्याचा नकाशा जोडून घ्या. लोंढ्याकडच्या रेल्वेत शेजारच्या दोन लाइनींत साधारण पाच मीटर अंतर. गाडी कुठल्या लाइनीवर, हे उपग्रहावर सोडू नका. स्लीपरवर आरएफआयडी टॅग (रेडिओ लहरींनी वाचायची ओळखचिठ्ठी) लावा, रेल्वेच्या टक्कर टाळणाऱ्या 'कवच' यंत्रणेत तसंच असतं. सांबऱ्याला, म्हणजे बेळगावच्या विमानतळावर, उतरणाऱ्या विमानाला उंची हवी. जीपीएसच्या चुका सुधारून देणाऱ्या भारताच्या 'गगन' यंत्रणेला २०१५ मध्ये ज्या एपीव्ही-१ (उंचीच्या मार्गदर्शनासह उतरण्याच्या) दर्जाची मान्यता मिळाली, त्यात आडवी इशारा-मर्यादा (चूक यापुढे गेली की इशारा द्यायचाच) ४० मीटर, उभी ५० मीटर, आणि बिघाडाचा इशारा १० सेकंदांत द्यायचा. सेकंदांचा हा आकडा हमखास विसरला जातो. बंद पडलेलं यंत्र परवडलं, ठामपणे चुकीची जागा दाखवणारं नको.

आता आकाश बघा. चार उपग्रह किमान: जागेसाठी तीन, चौथा रिसीव्हरच्या घड्याळाची चूक काढायला (१ मायक्रोसेकंद चुकला की ३०० मीटर). 'नाविक' या भारताच्या दिशादर्शन व्यवस्थेचा ८३ अंश पूर्व रेखांशावरचा उपग्रह बेळगावातून क्षितिजापासून सुमारे ६९ अंश वर दिसतो, ३२.५ चा ३९ अंशांवर, १२९.५ चा जेमतेम २६ वर. चोर्ला घाटात पूर्वेला ३० अंशांचा कडा आडवा आला की हा शेवटचा गेला. भूस्थिर उपग्रह जागचा हलत नसल्यानं त्या वळणावर तो रोजच जाणार, थांबून उपयोग नाही. २०,२०० किलोमीटरवरचे जीपीएसचे उपग्रह फिरते असतात, म्हणून दोन्ही घेणारा रिसीव्हर ठेवा.

फ्रिक्वेन्सीही दोन घ्या, एल१ आणि एल५. आयनोस्फिअरमध्ये (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरात) सिग्नलला होणारा उशीर एल५ वर एल१ च्या सुमारे १.८ पट असतो. त्या फरकावरून तो काढून टाकता येतो. मोबदल्यात मोजणीतला गोंगाट अंदाजे २.६ पट वाढतो, त्यामुळे स्वस्तातला अँटेना इथं नडतो.

सिग्नल तुटला की चाकाचा वेग आणि जायरो (वळण मोजणारा सेन्सर) यांवर गाडी पुढे मोजा. पण दिशा १ अंश चुकली तर किलोमीटरभरात १७ मीटर बाजूला. म्हणून अंदाजी जागा पडद्यावर वेगळ्या रंगात दाखवा. घाटात मोबाइलची रेंजही जाते. नोंदी यंत्रातच साठवून रेंज आल्यावर पाठवा.

ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरला अँटेना ट्रॉलीवर नको, ट्रॅक्टरच्या टपावर हवा. तरी भरलेल्या ट्रॉलीची भिंत मागचं आकाश खातेच, म्हणून चाचणी रिकामी आणि भरलेली अशी दोन्ही घ्या. एक फेरी पावसाळ्यात झाडी दाट असताना, एक सूर्यास्तानंतर, आयनोस्फिअर खवळतो तेव्हा. मोजून ठेवलेल्या बिंदूंशी ताडताना सरासरी चूक लिहून थांबू नका. इशारा न देता यंत्र किती सेकंद चुकलं, तेही लिहा.