'हॉट फझ' बघताना या चुका टाळा

"अर्ध्या तासात बंद केला, काही घडतच नाही." 'हॉट फझ' सुचवल्यावर हे इतक्यांदा ऐकलंय की आता सिनेमाबरोबर सूचनाही देतो.

एडगर राइटचा हा 2007 चा ब्रिटिश विनोदी सिनेमा. लंडनचा शिस्तीचा पोलीस निकोलस एंजल (सायमन पेग) इतक्या जणांना पकडतो की सहकारी फिके पडतात. म्हणून वरिष्ठ त्याची बदली सँडफर्ड नावाच्या आदर्श खेड्यात करतात. तिथे खून कधी होतच नाहीत, होतात ते फक्त 'अपघात'.

पहिली चूक, आणि हीच सगळ्यात महागात पडते: सुरुवातीचा तास मोबाइल चाळत बघणं. पळालेला हंस, टोमॅटो सॉसच्या पुडीने डॅनीने (एंजलचा गावातला जोडीदार पोलीस) केलेली थट्टा, म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या कोठारात पडलेला सागरी सुरुंग. तेव्हा हे सगळं निव्वळ टाइमपास वाटतं, पण यातलं एकही वाया जात नाही. किराणा सुपरमार्केटचा मॅनेजर स्किनर (टिमोथी डाल्टन) तर पहिल्याच भेटीत एंजलला म्हणतो, मला अटक करा, मी कापाकापी करतो! मग हसून पुस्ती जोडतो: किमतींची. तेवढ्यात तुम्ही मेसेज वाचत असाल तर अख्ख्या सिनेमाची चव गेली.

सबटायटल्स बंद ठेवू नका. त्या शेतकऱ्याची बोली एक हवालदार उलगडून सांगतो, आणि त्या हवालदाराचं बोलणं डॅनीला पुन्हा समजावून द्यावं लागतं. तिथे आपली काय कथा!

घरात लहान मुलं असतील तर ती झोपल्यावर लावा. ब्रिटनमध्ये याला 15 वर्षांवरील प्रेक्षकांसाठीचं प्रमाणपत्र आहे, आणि चर्चच्या कळसाचा प्रसंग खरंच अंगावर येतो.

आधी कथानक वाचून बसणं ही मात्र मला न पटणारी चूक. खुनामागे जमिनीचा मोठा व्यवहार असणार, असा तर्क एंजल मोठ्या हुशारीने रचतो. आपणही त्याच्यासोबत रचावा. खरं कारण कळतं तेव्हा ते इतकं क्षुल्लक निघतं की आधी हसू फुटतं आणि मग अंगावर काटा येतो.

गाव खरं वाटतं, कारण चित्रीकरण राइट जिथे लहानाचा मोठा झाला त्या इंग्लंडमधल्या वेल्स (Wells) या छोट्या शहरात झालंय. तिथलं भव्य कॅथेड्रल खेड्याला शोभेना, म्हणून ते संगणकावर पुसून टाकलं. दुसऱ्यांदा बघाल तेव्हा छपरांच्या वरची ती मोकळी जागा जरूर बघा.