व्हिसा मिळाला, पण अमेरिका अजून लांब होती

बीकेसीतल्या अमेरिकन कॉन्सुलेटमधून बाहेर पडताच मी आईला फोन केला, "झालं, अमेरिका मिळाली!" मिळाला होता फक्त व्हिसा. यातला फरक मला पुढच्या वर्षी कळला, तोही विमानतळावर सेकंडरीच्या, म्हणजे जादा चौकशीच्या खोलीतल्या, खुर्चीत दोन तास बसून.

गावाबाहेरचा जकात नाका आठवतो? दर ठरायचा पालिकेच्या सभेत, आणि ताडपत्री वर करून बघायचा नाक्यावरचा माणूस. इथंही तसंच. कोणाला, किती जणांना, कशासाठी येऊ द्यायचं हे अमेरिकेची संसद कायद्याने ठरवते. त्या कायद्याला धरून व्हिसा देतं परराष्ट्र खातं. विमानतळावर समोर बसतो तो मात्र सीबीपीचा, म्हणजे सीमाशुल्क आणि सीमा सुरक्षेचा अधिकारी. त्याचं खातंच वेगळं. व्हिसा असला तरी आत घ्यायचं की नाही, हे तोच ठरवतो.

माझं काय झालं? सुट्टीत घरी आलो होतो. व्हिसा पाच वर्षांचा, म्हणून निर्धास्त. पण आय-२० वर, म्हणजे कॉलेज देतं त्या प्रवेशाच्या दाखल्यावर, प्रवासासाठी कॉलेजच्या डीएसओची (परदेशी विद्यार्थ्यांचं बघणाऱ्या अधिकाऱ्याची) सही लागते आणि ती साधारण वर्षभरच चालते. मी घेतलीच नव्हती. चूक शंभर टक्के माझी. अधिकारी चिडला नाही, की त्याने भाषणही दिलं नाही. हातात आय-५१५ए नावाचा कागद ठेवला: तीस दिवसांत सही केलेला आय-२० पाठवा. पाठवला आणि निभावलं. पण तो महिना झोप कसली लागतेय!

तेव्हापासून नव्या मुलांना सांगतो, पासपोर्टातल्या व्हिसाकडे टक लावून बसू नका. आत आल्यावर आय-९४, म्हणजे तुमच्या प्रवेशाची सरकारी नोंद, डाउनलोड करून घ्या आणि वाचा. माझ्या आय-९४ वर मुदतीच्या जागी 'डी/एस' होतं, म्हणजे शिक्षण नियमात चालू आहे तोवर राहा. माझ्या रूममेटचा व्हिसा सेमिस्टरच्या मध्येच संपला, तर बिचारा बॅग भरायला निघाला होता. व्हिसा दारातून आत येण्यापुरता. आत राहणं त्यावर नाही. बाहेर जाऊन परत यायचं असेल तेव्हा नवा लागेल, एवढंच.

एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची वर्षाला ८५,००० ची मर्यादा, ग्रीन कार्डासाठी (कायम राहण्याच्या परवान्यासाठी) एका देशाच्या लोकांना एकूणातले जास्तीत जास्त ७ टक्के, ही सगळी धोरणाची बाजू. आपल्या लोकांची ती लांबलचक रांग या ७ टक्क्यांमुळेच. त्याबद्दल काउंटरवरच्या माणसाशी वाद घालून काडीचा उपयोग नाही. तो विचारेल कुठं शिकतोस, पैसे कोण भरतंय, राहणार कुठं. तेवढंच सांगा. आणि आय-२०, फीचे कागद हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनमध्ये नाही.

अबू धाबीमार्गे जाणाऱ्यांची ही तपासणी तिथंच, विमानात चढण्याआधी उरकते. अमेरिकेत उतरलं की सरळ बाहेर.

हो, आणि खाण्याचं. लाडू-चिवडा विचारल्यावर सांगून टाकायचा, सहसा जातो. हापूस नाही. २००७ पासून भारतीय आंबा अमेरिकेत रीतसर विकला जातो, पण विकिरण करून (कीड मारायला किरणांचा मारा करून), व्यापाऱ्यांच्या पेट्यांतून. आईने टॉवेलात गुंडाळून दिलेला डब्यात जातो, कचऱ्याच्या.