धोरणपुस्तिकेचे पुनर्वापरासाठी तुकडे करताय? या चुका टाळा

वर्डमधली जाडजूड धोरणपुस्तिका एक्सएमएलमध्ये (मजकुराच्या प्रत्येक भागाला खूण लावणाऱ्या स्वरूपात) नेण्याचं काम बहुतेक वेळा ‘फाइल कन्व्हर्ट करून द्या’ एवढ्या एका ओळीत सोपवलं जातं. कन्व्हर्टर चालतो, फोल्डरमध्ये छोट्या फाइलींचा ढीग पडतो आणि काम झालं असं वाटतं. पण एकाच मूळ मजकुरातून पीडीएफ, वेबपान आणि प्रशिक्षणाची पुस्तिका काढायची, तर कुठला मजकूर खरोखर ‘तोच’ आहे हे आधी ठरायला हवं. ते कन्व्हर्टर ठरवू शकत नाही. खरं तर तुम्हीही ठरवू नये.

सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते. रजेच्या धोरणात ‘७ दिवसांत अर्ज करावा’ असतं, प्रवासखर्चाच्या धोरणात ‘७ कामकाजाच्या दिवसांत’. हा टायपिंगचा घोळ समजून दोन्हींचा एक तुकडा केला जातो आणि कुणाची तरी मुदत नकळत बदलते. ‘कर्मचारी’ या शब्दाची व्याख्या तर हमखास फसवते: एका धोरणात कंत्राटी लोक धरलेले, दुसऱ्यात वगळलेले, बाकी शब्द जसेच्या तसे. असे जुळे मजकूर तक्त्यात शेजारीशेजारी मांडा आणि त्या-त्या धोरणाची जबाबदारी ज्याच्याकडे आहे त्याला लेखी विचारा, की हा फरक मुद्दाम ठेवलाय का? उत्तर येईपर्यंत तुकडे वेगळेच राहू द्या. नंतर जोडता येतात. जोडून पाच धोरणांत पसरलेला तुकडा उसवणं मात्र जिकिरीचं.

दुसरं टोक म्हणजे शब्दाशब्दाचा पुनर्वापर. पदनाम बदललं तर एका जागी बदलू, म्हणून ‘अधिकारी’ची की (शब्द एका जागी ठरवून मजकुरात जागोजागी ओढून आणणारं नाव) करतात आणि वाक्यात तिला ‘ने’ जोडतात. छापून येतं ‘अधिकारीने’. मराठीत प्रत्ययाआधी शब्दाचं सामान्यरूप होतं, त्यामुळे इंग्रजी मजकुरात बिनबोभाट चालणारी युक्ती इथे पहिल्याच ओळीत उघडी पडते. की ठेवायचीच तर विकार न होणाऱ्या जागी ठेवा: प्रणालीचं नाव, फॉर्मचा क्रमांक. बाकी ठिकाणी पूर्ण वाक्याहून लहान तुकडा करू नका. माझं मत विचाराल तर धोरणात पूर्ण कलमाहून लहानही क्वचितच करावा.

क्रमांकांचं दुखणं वेगळं. मूळ फाइलीत ‘४.२’ हाताने टाइप केलेलं असतं, प्रकाशनात त्याला आपोआप आणखी एक क्रमांक लागतो. हाताने लिहिलेले क्रमांक सरसकट पुसणं हा उपाय नव्हे. जुन्या पत्रांत, लेखापरीक्षणाच्या शेऱ्यांत ‘कलम ४.२’ असाच उल्लेख असतो. तो क्रमांक कलमाची ओळख म्हणून मेटाडेटात (मजकुराबद्दलच्या नोंदींत) ठेवा आणि तिथूनच छापा. ‘वर सांगितल्याप्रमाणे’, ‘पुढील तक्ता पाहा’ हे शब्दही शोधून काढा. तुकडा सुटा झाला की त्याला वर-खाली उरत नाही.

आता डिटा वापरणाऱ्यांना नेहमी भेटणाऱ्या अडचणी. (डिटा म्हणजे सुट्या तुकड्यांतून दस्तऐवज जोडण्याची एक्सएमएल रचना. आयबीएममध्ये जन्मलेली ही रचना २००५ पासून ओएसिस या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं मानक आहे.)

अंतर्गत सूचना बाहेरच्या आवृत्तीत छापली गेली? डिटाव्हॅल फाइल उघडा: मजकुराच्या गुणधर्मात लिहिलेल्या मूल्यावरून (उदा. ‘अंतर्गत’) काय वगळायचं ते ती सांगते. तिथे ज्या मूल्याबद्दल काहीच सांगितलेलं नाही, ते मूल्य असलेला मजकूर मुळात छापलाच जातो. म्हणजे मूल्याच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर चुकलं तरी वगळण्याचा नियम लागू होत नाही. एकाच गुणधर्मात दोन मूल्यं असतील तर दोन्ही वगळल्याशिवाय मजकूर जात नाही, हेही तपासा. मूल्यांची मोजकी यादी ठरवून घ्या आणि लेखकांना त्यातूनच निवडू द्या.

कॉनरेफ (दुसरीकडचा मजकूर इथे ओढून आणणारा संदर्भ) रिकामा येतोय? त्याच्या पत्त्यात फाइल, टॉपिकचा (एका विषयाच्या सुट्या तुकड्याचा) आयडी आणि घटकाचा आयडी असे तिन्ही असतात. कुणीतरी परिच्छेद दुसऱ्या टॉपिकमध्ये हलवला की पत्ता तुटतो. कॉनकीरेफ (फाइलीच्या पत्त्याऐवजी कीमार्फत केलेला तसाच संदर्भ) वापरलं तर फाइल हलवल्यावर फक्त मॅपमधली (टॉपिक एकत्र जोडणाऱ्या फाइलीतली) नोंद बदलावी लागते, पण घटकाचा आयडी बदलला तर तेही वाचवत नाही. शिवाय परिच्छेदाच्या जागी यादीतला मुद्दा ओढता येत नाही. घटकांचे प्रकार जुळावे लागतात.

आणि मंजुरी. ही अडचण कुठल्याच एरर लॉगमध्ये दिसत नाही. सामायिक व्याख्या एका जागी सुधारली की ती वापरणारी सगळी धोरणं पुढच्या प्रकाशनात बदलतात. त्यांतली काही तर कधीच सही होऊन लागू झालेली असतात. म्हणून सामायिक तुकड्याला हात लावण्याआधी तो कुठे-कुठे वापरलाय त्याची यादी काढा, त्या सगळ्या धोरणांची जबाबदारी असलेल्यांची संमती घ्या. मंजूर आवृत्ती मात्र गोठवून ठेवा: तिच्यातल्या प्रत्येक तुकड्याची नेमकी आवृत्ती नोंदवलेली असावी, म्हणजे कुणी दोन वर्षांपूर्वीचं धोरण मागितलं तर आजची व्याख्या त्यात शिरणार नाही.